तात्यारावांच्या पेशी

कमलनगरच्या स्टँडवरून खेड्यापाड्यांत जीप चालवणाऱ्या तात्यारावांचा गिअरवरचा हात छत्तीसाव्या वर्षी थरथरायला लागला, आणि दोन वर्षांत जीप कायमची सुटली. डॉक्टर म्हणाले, कंपवात. "म्हाताऱ्यांना होतो हा. तुम्हाला इतक्या लौकर कसा?" बिदरपासून हैदराबादेपर्यंत प्रत्येकाने हेच विचारलं. जसं काही उत्तर तात्यारावांच्याच खिशात होतं.

उत्तर शोधायला निघाली त्यांची मुलगी मैत्रेयी. कलबुर्गीच्या एका प्रयोगशाळेत ती पीएचडी करत होती. दोन वर्षांपूर्वी तात्यारावांच्या संमतीने त्यांच्या दंडावरची मसुराच्या डाळीएवढी कातडी काढून घेतली होती. तिच्यातल्या पेशी बशीत वाढवल्या होत्या. "अप्पा, त्या अजून जित्या हायत," असं ती फोनवर म्हणायची, आणि तात्यारावांना रात्रंदिवस एकच वाटायचं, की आपला एक तुकडा गुलबर्ग्यात एकटाच जगायलाय, त्याला एकदा भेटून यावं. कलबुर्गीला ते अजून गुलबर्गाच म्हणत.

मैत्रेयीच्या मार्गदर्शक भुवनेश्वरी मॅडमनी परवानगी दिली. तात्याराव हुमनाबादेत बस बदलून, डावा हात उजव्या हाताने दाबून धरत, अकरा वाजता तिथे पोचले.

चपला बाहेर, अंगावर पांढरा कोट. मैत्रेयीने त्यांना एका पडद्यासमोर खुर्चीत बसवलं.

"आधी दुसऱ्या एका धडधाकट माणसाच्या पेशी दावते."

पडदा उजळला आणि तात्याराव पुढे वाकले. काळोखात हिरव्या धाग्यांचं एक जाळं होतं, आणि ते हलत होतं. धागे लांबत होते, एकमेकांना चिकटत होते, सुटत होते.

"ह्याला काय म्हणतेत?"

"तंतुकणिका. पेशीच्या आत असतात ह्या. आपण श्वास घेताव, त्यो ऑक्सिजन हितं येतो. अन्नातली ताकद हितंच निघती. पण ती काढताना ठिणग्यांसारखं कायतरी उडत ऱ्हातं, अन् त्यानंच ह्या खराब व्हतात."

"इंजिनावानी की."

"इंजिन आपलं आपण सवताला साफ करत न्हाई, अप्पा. आता बघा."

जखमेवर टाकलं की फेस येतो ते औषध, त्याचा अगदी बारीक अंश तिने सकाळी सातलाच बशीत सोडला होता. कॅमेरा दर पाच मिनिटांनी फोटो घेत होता. तिने ते फोटो भरभर पुढे सरकवले. धागे तुटले, त्यांचे मणी झाले. मग एक मणी पिवळट झाला, नारिंगी झाला, लाल झाला.

"हा गेला. पेशीनं ह्याला पिशवीत घातलं अन् जिरवायला नेलं. तिथं गेला की लाल दिसतो, अशी सोय करून ठिवलीय आमी."

"बाजूचे कामून न्हाई नेले?"

"ते चांगले हायत."

"तिला कळतं कसं? डोळे हायत का तिला?"

मैत्रेयी हसली आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. "एक प्रथिन हाय. पेशी ते सारखं बनवती अन् प्रत्येक कणिकेच्या दारात पाठवती. कणिका धड असली की त्याला आत ओढून घेती अन् तुकडे करून टाकती. जिच्यात जोर न्हाई, तिला ओढताच येत न्हाई. मग ते दारातच अडकून बसतं. तीच खूण. ती बघून दुसरे येतात, शिक्के मारतात, पिशवी येती."

"म्हंजे धड हाय तिला दर घडीला दावून द्यावं लागतं, मी धड हाय म्हणून?"

"व्हय. अन् मारलेला शिक्का पुसणारं पण एक प्रथिन हाय. घाईत चांगली जाऊ नये म्हणून."

एवढं जपून केलेलं काम तात्यारावांनी कुठे पाहिलं नव्हतं. कचेरीत नाही, दवाखान्यात नाही, गॅरेजातही नाही. "अशा किती पेशी असतेत एका माणसात?" त्यांनी विचारलं.

"तीस लाख कोटी धरा."

त्यांनी आकडा मनात धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग हळूच म्हणाले, "आता माझ्या दाव."

मैत्रेयीचा हात थबकला. "तुमच्यात ते दारात जाणारं प्रथिनच बिघडलेलं हाय, अप्पा. आजा-आजी मामेभाऊ-आतेबहीण व्हते. एकच बिघाड दोन्हीकडनं तुमच्यात आला."

"अन् तुझ्यात?"

"माझी एक बाजू चांगली हाय. मी तपासून घेतलंय. तेवढ्यावर भागतं."

"खरं सांगायलीस?"

"बुद्धाची आण, अप्पा."

मग तिने दुसरी बशी दाखवली. तेच औषध, तोच वेळ. त्यांच्याही पेशींत धागे तुटून मणी झाले होते. पण लाल होईना. हिरव्या मण्यांची नुसती दाटी. एक वाजला, सहा तास भरले. मैत्रेयीने वहीत 'नाही' लिहिलं. असं तिने आजवर अकरा वेळा लिहिलं होतं.

ती कॅमेरा बंद करायला उठली, तसे तात्याराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. आलोच हाय तर बसतो जरा वेळ."

नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने कॅमेरा चालू ठेवला, डबा आणून दिला आणि पलीकडच्या खोलीत कामाला गेली.

तात्याराव बसले. दर पाच मिनिटांनी पडदा किंचित थरथरे आणि नवा फोटो येई. त्यांच्याच पेशी, त्यांच्यासारख्याच अडलेल्या. त्यांना त्यांचा राग आला नाही. उलट माया वाटली. हात थरथरायला लागल्यापासून अठरा वर्षं हा कचरा अंगात घेऊन त्या काम करत होत्या, आणि आपण मात्र हाताला शिव्या देत होतो.

पावणेचारला एका कडेला एक मणी पिवळट दिसला. त्यांनी चष्मा पुसला. पुढच्या फोटोत तो नारिंगी होता, त्याच्या पुढच्यात लाल. थोड्या वेळाने आणखी एक.

"मैत्रेयी! ए पोरी, हिकडं ये!"

ती धावत आली. "धूळ असंल, अप्पा."

"धूळ चालती का? ह्यो मणी चालायलाय."

तिने फोटो मागे नेले, पुढे आणले. ठिपका पेशीबरोबर सरकत होता. ती काही न बोलता गेली आणि भुवनेश्वरी मॅडमना घेऊन आली. मॅडमनी उभ्यानेच सगळं पाहिलं, मग खुर्ची ओढली. तोवर लाल ठिपके सात झाले होते.

"अण्णा, तुम्हाला हे दिसलं कसं?"

"बसलो व्हतो, मॅडम. जीप भरंपर्यंत बसायची सवय हाय."

मॅडम हसल्या, पण नजर पडद्यावरच होती. "त्या खुणेवाचून साफ करायच्या इतर वाटा असतात, हे आम्हाला माहीत आहे. पण ह्यांच्या पेशींत ती वाट आम्हाला कधी दिसलीच नाही. आम्ही सहा तासांवर कॅमेरा बंद करत होतो."

"ही वाट उशिरा उघडती?" मैत्रेयीने विचारलं.

"एकदा दिसलं म्हणजे झालं असं नाही. तीनदा दिसू दे, मग बोलू."

पुढच्या महिन्यात ते तीनदा दिसलं. प्रत्येक वेळी आठ तासांनंतर, धडधाकट पेशींपेक्षा कितीतरी कमी, पण दिसलं. मैत्रेयीने फोन करून सांगितलं तेव्हा तात्याराव शेताच्या बांधावर होते आणि त्यांची बायको शोभाबाई तुरीत खुरपत होती.

"काय म्हणली पोरगी?" शोभाबाईने विचारलं. "हात बरा व्हईल का?"

"न्हाई. तसं काय न्हाई म्हणली. ते लई लांबचं हाय."

"मग यवडा आनंद कामून?"

तात्यारावांनी सांगायला सुरुवात केली. दाराचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं, पुसणाऱ्याचंही. आपल्यात दारातली खूण बंद पडली तरी पेशी अठरा वर्षं दुसऱ्या वाटेनं, हळूहळू, कुणी न सांगता साफ करत असतील, हेही सांगितलं. शोभाबाई खुरपं खाली ठेवून ऐकत होती.

"माझ्यात पण व्हतंय का हे? आत्ता?"

"सगळ्यात."

तिने स्वतःचे मातीने भरलेले हात उलटसुलट करून पाहिले. मग चिंचेखाली रवंथ करणाऱ्या म्हशीकडे पाहिलं.

"हिच्यात?"

ते तात्यारावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पुन्हा फोन लावला. "आई विचारायलीय, म्हशीत बी असतं का?"

"व्हय, अप्पा. म्हशीतबी."

शोभाबाईने फोन आपल्याकडे ओढला. "अन् ह्या तुरीत गं?"

"तुरीत पण, आई. खूण करायची रीत येगळी, पण खराब झालेलं काढून टाकणं तिथंबी चालतंय."

शोभाबाईने फोन नवऱ्याच्या हातात दिला. समोर तूर कमरेइतकी वाढली होती, वाऱ्याने एका अंगाला कलत होती. ती बांधावर चढून आली आणि तात्यारावांच्या शेजारी उभी राहिली. दोघंही त्या हिरव्या रानाकडे कितीतरी वेळ बघत राहिले, नवीनच कुठे आल्यासारखे.