ज्ञानोबाने सोडलेले गोचीड

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या अलीकडे एक चारा छावणी होती. गावात ना पाणी ना कडबा, म्हणून घरातलं एक माणूस जनावरांबरोबर छावणीत राहायचं आणि बाकीचे गावाकडे टँकरची वाट बघायचे. माझ्या बायकोला ही सोय इतकी मानवली, की पाऊस पडला तरी यायची घाई करू नका, असा निरोप तिने धाडला होता.

माझ्या शेजारच्या दावणीला ज्ञानोबा होता. त्याची एक गावरान गाय आणि गळ्यात तुळशीची माळ. माळकरी माणूस मटण खात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ज्ञानोबा त्याच्याही पुढे गेला होता. तो ढेकूण मारत नसे, मुंग्यांना वाट देत असे आणि दुपारी गाईच्या अंगावरचे गोचीड वेचायला बसला, की एकही चिरडत नसे. आम्ही गोचीड दगडाने ठेचायचो. ज्ञानोबा टम्म फुगलेले गोचीड पळसाच्या पानावर गोळा करायचा आणि सावली बघून सोडून यायचा.

"उन्हात मरत्याल बिचारे," म्हणायचा.

पहिल्यांदा त्याने ते माझ्या दावणीमागे सोडले. मी त्याला चांगलाच झापला. मग तो पलीकडच्या बंकटच्या दावणीकडे वळला, तर बंकट काठी घेऊन उठला. शेवटी त्याने धाकट्या बहिणीची दावण धरली. मालनबाई रांगेच्या टोकाला होती. तिच्या मागे उसाच्या उष्ट्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचा, मोठा ढीग साचला होता, तिथे कायम गारवा असायचा. परक्याच्या दावणीपाशी कसं सोडायचं, बहिणीची दावण म्हणजे घरचीच, असा ज्ञानोबाचा हिशोब. हे बहिणीला सांगायला हवं, असं मात्र त्याला कधी वाटलं नाही.

मालनबाईला नवरा नव्हता. एक संकरित जर्सी गाय होती, हरणी नावाची. तिचं दूध डेअरीला जायचं आणि त्याच्यावर घर चालायचं, लेकीचं नर्सिंगचं शिक्षणही. ती रोज भावाच्या आणि स्वतःच्या भाकरी एकाच चुलीवर करायची आणि जेवताना त्याची थट्टा करायची. "दादा, पुढल्या जन्मी तुला गोचीड वळखत्याल बघ."

महिनाभराने एका सकाळी हरणीने चारा तोंडात घेतला नाही. अंग तापलेलं, रवंथ बंद. आणि तिने लघवी केली ती कोऱ्या चहासारखी, तांबडीकाळी, वर फेस आलेली.

छावणीत डॉक्टर कमी आणि जाणते फार. सगळ्या जाणत्यांनी वाकून बघितलं आणि एकमताने सांगितलं, की गाईला उन्हाळी लागली. एवढ्या उन्हात माणसाला लागते, मग गाईला का लागू नये? ज्ञानोबाने पुढाकार घेतला. धने भिजवले, सब्जा भिजवला, कुठून कुठून ताक मागून आणलं आणि नळीने हरणीला पाजत बसला. बहिणीच्या गाईसाठी त्याने एकादशीसुद्धा धडपणे केली नाही. लघवी काही निवळली नाही. हरणी बसली ती उठेना.

मग मालनबाईने दोष उसाला दिला. "चेअरमनच्या उसानंच केलं हे. सडका ऊस घातला जनावरास्नी."

छावणी चालवणाऱ्या सहकारी संस्थेचे चेअरमन सुंदरराव हे ऐकून तडक आले. गाय मरते की जगते यापेक्षा ऊस निर्दोष ठरतो की नाही, याची त्यांना काळजी. त्यांनी स्वतःच्या गाडीतून जनावरांच्या डॉक्टर साळवे मॅडमना आणलं. कारण काही का असेना, डॉक्टर तर आली.

मॅडमनी हरणीची पापणी उलटून बघितली. आत लाली नव्हती, पिवळट पांढरं होतं. हिरड्याही तशाच. कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब काढून काचेवर घेतला. मग शेपटी उचलली आणि आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. शेपटीखाली, कासेला, कानात, तिळाएवढे बारीक गोचीड बसले होते.

"ही उन्हाळी नाही. हा गोचीड ताप आहे," त्या म्हणाल्या. "गोचीड चावताना एक बारीक जंतू रक्तात सोडतो. तो तांबड्या पेशींत शिरतो आणि पेशी फोडतो. रक्त बाहेर सांडत नाही, अंगातल्या अंगात फुटतं, आणि त्याचा रंग लघवीतून जातो. पण इतके बारीक गोचीड एकाच गाईवर आले कुठून?"

"ते व्हय?" ज्ञानोबा भाबडेपणाने म्हणाला. "माझ्या गाईचे मोठाले गोचीड मी रोज हितं ढिगात सोडतो की. सावलीला."

मॅडमनी आधी ढिगाकडे बघितलं, मग माळेकडे. गावरान गाईच्या अंगात हे दुखणं असलं तरी तिला ते सोसतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. पण तिच्या अंगावरून फुगून पडलेली एकेक मादी हजारो अंडी घालते आणि आईचा जंतू घेऊनच पिल्लं जन्मतात. बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. ज्ञानोबाची मान मात्र खाली खाली गेली.

त्यांनी पिवळ्या औषधाचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. "जंतू मरेल. पण रक्त भरायला वेळ लागेल, आणि तोवर पुन्हा गोचीड चावले तर ही गाय सोसणार नाही. इतक्या अशक्त जनावरावर मी विषारी औषध फवारणार नाही. ढीग जाळा. अंगावरचे हाताने वेचा आणि रॉकेलमध्ये टाका. एकही जिवंत सोडायचा नाही."

सुंदरराव उसाची सुटका झाली म्हणून खुशीत गेले. ढीग आम्ही पेटवला. त्या संध्याकाळी मालनबाईने भाकरी थापल्या, पण भावाला हाक मारली नाही. तो आपल्या दावणीपाशी आमच्याकडे पाठ करून बसला होता. इतके दिवस त्याला हसलो होतो, पण त्या वेळी मला त्याचं फार वाईट वाटलं.

सकाळी हरणीची लघवी जरा फिकी झाली. मालनबाई रॉकेलचा डबा घेऊन गोचीड वेचायला बसली, पण बारीक गोचीड तिच्या नजरेला दिसेनात. वेचण्यात ज्ञानोबाचा हात धरणारं छावणीत कोणी नव्हतं. तो येऊन समोर उभा राहिला. त्याचा हात गळ्याशी गेला होता.

"माळ काढून ठिवतो," तो म्हणाला. डोळे भरले होते. "गाय वाचली पायजे, मालन."

मालनबाईने त्याच्याकडे बघितलं. राग होता, तो मला दिसत होता.

"माळेला हात लावू नगंस," ती म्हणाली. "तू नुसता वेच अन् माझ्या तळहातावर ठिव. डब्यात मी टाकते."

तो खाली बसला. हरणीच्या कानातला पहिला गोचीड त्याने अलगद काढला, तिच्या हातावर ठेवला आणि तोंड फिरवलं. असं बराच वेळ चाललं. हरणीने मान लांब करून समोरच्या वाढ्याचं एक पान ओढलं आणि चघळायला लागली. ते बघून ज्ञानोबाला राहवलं नाही.

"मालन, सगळं पाप तुझ्याच माथी कावून? निम्मं माझं."

"राहू दे दादा," मालनबाई डब्यात बघत म्हणाली. "बापाच्या वावरातलं निम्मं मी मागितलं न्हाई. आता पापातलं द्याया बसलास व्हय?"

ज्ञानोबाने पुढचा गोचीड तिच्या हातावर न ठेवता स्वतःच डब्यात टाकला.