डबीचं नाव

संगमेश देवघराशेजारच्या फळीला हात लावणार, तोच शिवम्मांनी लेकाला अडवलं.

"आधी पाय धू की. तुझ्या अप्पांचं कीर्तन हाय त्यात."

"अव्वा, डबी हाय ती. देव न्हाय."

तरी तो पाय धुऊनच आला.

त्या काळ्या डबीत सिद्धप्पांची सगळी शिवकीर्तनं साठवलेली होती. ज्या आवाजावर सारा मठ डोलायचा, तो घशाच्या ऑपरेशननंतर पार घोगरा झाला. कीर्तन सुटलं आणि हळूहळू बोलणंही. आता ते भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडून असत. तिकडं धारवाडला भुवनेश्वरीचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. लेकीचा एकच हट्ट, बाळाच्या कानावर आजोबांचं कीर्तन पडायला हवं.

पण बाहेरून, इंटरनेटवरून, डबीपर्यंत वाटच नव्हती.

"सगळ्या गल्लीला मिळून एकच पत्ता होता," संगमेश म्हणाला. "बाहेरची हाक जाणार कुणाच्या दारात? आता नवी पद्धत, आयपीव्ही सिक्स. घरातल्या प्रत्येक वस्तूला आपापला पत्ता."

"माझ्या मिक्सरला पण?"

"त्याला कोण हाक मारतंय?"

डबीचा पत्ता निघाला तो मारुतीच्या शेपटाएवढा. मग संगमेशनं त्याला एक सोपं नाव जोडलं आणि वायर बसवायला तो शिडीवर चढला. तेवढ्यात भुवनेश्वरीचा फोन आला.

"अव्वा, तूच घे. डबीचं नाव सांग तिला. अप्पांचंच ठेवलंय."

शिवम्मांनी फोन कानाला लावला. इतकी वर्षं संसार झाला, पण उखाण्याबाहेर ते नाव कधी ओठांवर आलं नव्हतं.

"तू सांग की रे."

"माझे दोन्ही हात अडकलेत."

"अव्वा, लवकर! काय नाव टाकू?" भुवनेश्वरी पलीकडून विचारत होती.

"ह्यांचं."

पलीकडून टकटक ऐकू आली.

"'ह्यांचं' टाकलं. न्हाय उघडत."

संगमेशच्या हसण्यानं शिडी डुगडुगली. शिवम्मांनी त्याच्याकडं डोळे वटारले. पदर सारखा केला, बाजेकडं पाठ केली आणि पुटपुटल्या,

"सिद्धप्पा."

"ऐकू न्हाय आलं गं."

"सिद्धप्पा!"

"उघडलं, अव्वा, उघडलं!"

फोनमधून टाळ वाजले आणि भरदार गळ्यातला तो जुना आवाज घरभर पसरला. शिवम्मांचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. पाठीमागं बाज करकरली होती, आणि कुणीतरी घोगऱ्या, खरखरीत आवाजात म्हणालं होतं,

"ओ."