बरकतीची पूड

चौकात शेख मिस्बाहने बरणी उघडली आणि जमलेल्या बायका पुढे झुकल्या. बकरीच्या दुधाच्या, टांगून घट्ट केलेल्या दह्याचे गोळे, आठवडाभर उन्हात, तेही नुसत्या पाण्यात! ना बुरशी, ना आंबूस वास.

"तेल नको, मीठ नको!" शेख गरजला. "ही माझ्या अवलिया आजोबांच्या कबरीवरची पूड. अन्न सैतान नासवतो, बरकत राखते. चिमूटभर टाका आणि निर्धास्त झोपा!"

आमच्या लेबनॉनच्या डोंगरात हिवाळ्यात बकऱ्या आटतात, बर्फाने रस्ते बंद होतात. उन्हाळ्यात बरणीत भराल तेच तेव्हा ताटात पडतं. त्या वर्षी ऑलिव्हचं तेल असं महागलं होतं, की गोळे बुडवायचे कशात, हीच घरोघरी चिंता. शेखला ती बरोबर ठाऊक होती.

माझ्या रोटीच्या भट्टीशेजारी मुनीरा राहायची. नवरा वारलेला, पदरात मुलगी तालीन, चार वर्षांची. मुनीराने कानांतले डूल विकून पूड घेतली.

"अगं, आधी वफिकाबाईंना तरी विचार," मी म्हणालो. वफिका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

"बाईंच्या घरी तेलाचा डबा आहे, भाऊ. माझ्या घरी काय आहे?"

मी भट्टीकडे वळलो.

बर्फ पडलं. मुनीरा स्वतः कोरडी रोटी चावायची, गोळे मुलीला द्यायची. तालीनला उलट्या लागल्या. मग अंग भाजल्यासारखं लाल झालं, कातडी सुटू लागली. शेखचा मुक्काम गावातच होता. मुनीरा धावत त्याच्याकडे गेली.

"नजर बाहेर पडतेय, पोरी," तो म्हणाला. "पूड दुप्पट कर."

तिने केली. रस्ता मोकळा होऊन डॉक्टर पोचले तेव्हा पोर गेली होती.

दफन झालं आणि वफिका मुनीराकडची उरलेली पूड घेऊन चौकात आली. शेख बरण्या मांडून बसलेलाच होता. तिने एका बशीत ती पूड ठेवली, दुसरीत वाण्याकडची झुरळं मारायची पूड. दोन्हींवर स्पिरिट ओतून काडी लावली. दोन्ही बशांतून सारखीच हिरवीगार ज्योत उठली.

"बोरिक ॲसिड," ती म्हणाली. "याने बुरशी मरते, झुरळ मरतं. रोज पोटात गेलं तर लहान मूलही."

"हिरवा तर अवलियांचा रंग!" शेख ओरडला. "पाहा, चमत्कार!"

"म्हणजे झुरळांच्या पुडीतही तुमचे आजोबा?" मी विचारलं. कुणी हसलं नाही.

मुनीरा पुढे आली. चमचाभर पूड तिने त्याच्या तोंडासमोर धरली.

"खा."

"माझा... माझा आज रोजा आहे."

"माझ्या पोरीने एकदाही नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

शेख बरण्या तिथेच टाकून गाडीत बसला. त्याला कुणीही अडवलं नाही. काही बायकांनी तर नुकत्याच घेतलेल्या पुड्या पदराआड घरी नेल्या. पैसे मोजले होते ना!

अन्न सैतानामुळे नासत नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतू ते नासवतात. तेल परवडत नसेल तर गोळे मीठ लावून दगडासारखे कडक वाळवता येतात. वफिकाने पुढच्या उन्हाळ्यात ते शिकवलं तेव्हा मुनीरा आली नाही. तिला आता कुणासाठी साठवायचं होतं?

तुमच्या दारी असा कोणी आला तर एवढंच विचारा, "यात काय आहे?" उत्तराऐवजी त्याने देवाचं नाव घेतलं, तर त्याची पूड घरात घेऊ नका. आणि मूल आजारी पडायच्या आधीच हे विचारा.