दिवसातून सहा वेळा बाकडं

बस डेपोतल्या अकरा ड्रायव्हरांच्या रक्तात साखर जास्त निघाली, तेव्हा डेपोच्या साहेबांनी तातडीने जे करता येण्यासारखं होतं ते केलं. बैठक घेतली. बैठकीत क्रीमची बिस्किटं वाटली गेली आणि ती संपायच्या आत ठराव झाला की या अकरा जणांना आहारतज्ज्ञ नेमून द्यावी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही ज्याची साखर ठरलेल्या रेषेच्या खाली आली नाही, त्याने स्टिअरिंग सोडायचं आणि हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसून लोकांच्या छत्र्यांना चिठ्ठ्या लावायच्या.

नेमलेल्या बाई हुशार होत्या, अनुभवी होत्या आणि त्यांचा तक्त्यावर फार जीव होता. दवाखान्यात पंधरा वर्षं त्यांनी तक्ते दिले होते. लोक तक्ता घेत, मान डोलवत, घरी नेऊन फ्रिजवर चिकटवत आणि मग फ्रिज उघडत. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण लोकांमध्ये निश्चयच नसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत मोठं सोयीचं. ते एकदा धरलं की तक्त्याला हात लावावा लागत नाही.

पहिल्या दिवशी ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत बाईंनी रंगीत तक्ता भिंतीवर लावला. सकाळी आठला ओट्स. अकराला एक फळ. दुपारी एकला सावकाश बसून, एकेक घास बत्तीस वेळा चावून जेवण. चारला मूठभर शेंगदाणे.

मागच्या रांगेतून एक हात वर आला. तो मामांचा होता. मामा छप्पन्न वर्षांचे, तीस वर्षं बस चालवत होते. चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला ते ‘ये भाच्या’ म्हणत, त्यामुळे सगळा डेपो त्यांना मामा म्हणे. साहेबही म्हणत. एकदा त्यांचे सख्खे सासरेही चुकून म्हणून गेले होते.

"बाई, एक शंका आहे. एक वाजता मी उड्डाणपुलावर असतो. पुलावरच जेवू?"

खोली हसली. बाईही जरा हसल्या. "अगदी एकलाच असं नाही हो मामा. थोडं अलीकडे, थोडं पलीकडे."

"अलीकडे सिग्नल आहे. पलीकडे शाळा सुटते."

"आणि ते बत्तीस," दुसरा ड्रायव्हर म्हणाला, "ते गिअर टाकताना मोजायचे की टाकून झाल्यावर?"

"मनात असलं ना, की वेळ काढता येतो," बाई म्हणाल्या. हे वाक्य ज्यांना स्वतःच्या दाराला आतून कडी लावता येते त्यांनाच सुचतं.

प्रत्येकाला एक वही मिळाली. जे खाल ते लिहायचं. दोन आठवड्यांनी अकरा वह्या परत आल्या आणि बाईंना भरून आलं. दहा जणांनी रोज अकराच्या ठोक्याला सफरचंद खाल्लं होतं. त्यातल्या तिघांचं अक्षरही एकच होतं. एकाने तर पुढच्या आठवड्याचीही पानं भरून आणली होती, उगाच नंतर धावपळ नको म्हणून. एवढी सफरचंदं खाऊनही वजनकाटा मात्र कोणाचंच ऐकत नव्हता.

अकरावी वही मामांची. तिच्यात रोज एकच ओळ होती: ‘चहा सहा. प्रत्येकी साखर चार चमचे. सोबत मिळेल ते.’ खाली सही.

बाईंनी मामांना समोर बसवून चोवीस चमच्यांचा हिशेब सांगितला, डोळ्यांचं सांगितलं, मूत्रपिंडाचं सांगितलं, पायाच्या बोटांपर्यंत आल्या. मामांनी सगळं मन लावून ऐकलं. "पटतंय बाई," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यातही वहीत सहाच चहा होते.

मग एक दिवस मामींचा, म्हणजे मामांच्या बायकोचा फोन आला.

"तुम्हीच का त्या तक्त्यावाल्या?"

"हो, बोला ना."

"लिहून देता तुम्ही, शिजवते मी, आणि तोंड वाकडं करतात हे. ते ओट्स सकाळी साडेचारला उठून करते मी. डबा तसाच भरलेला परत येतो. परवा मी विचारलं, तर म्हणाले, बाईंना सांग. म्हणून सांगतेय."

"अहो, पण त्यांनी थोडा निश्चय केला तर..."

"निश्चय?" मामींचा आवाज चढला. "तीस वर्षांत एकदाही गाडी उशिरा सोडलेली नाही या माणसाने. ताप असताना गेलेत. निश्चय मला नका शिकवू. एक दिवस त्यांच्या मागच्या सीटवर बसून बघा, आणि मग काय लिहायचं ते लिहा."

फोन खाडकन बंद झाला. बाई दिवसभर मनातल्या मनात मामींना उत्तरं देत राहिल्या, एकाहून एक सरस. संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की त्यातलं एकही खरं नाही.

दोन दिवसांनी सकाळी सहाच्या फेरीला बाई मामांच्या मागच्या सीटवर बसल्या. मामांनी आरशातून पाहिलं आणि गाडी काढली. रिक्षा आडव्या आल्या, शाळेची पोरं लटकली, एका गृहस्थाने सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरचा पाणउतारा केला आणि उतरताना मामांचाही केला. पाऊण तासाने शेवटचा थांबा आला. कागदावर तिथे सात मिनिटांची विश्रांती होती. त्यातली दोन वाहतुकीने आधीच गिळली होती.

मामा गुडघ्यावर हात ठेवत खाली उतरले. थांब्यावर टाइमकीपरची केबिन होती. आत एक खुर्ची, साखळीने खिडकीच्या गजाला बांधलेली, आणि तिच्यात टाइमकीपर. दारावर पाटी: ‘चालक-वाहकांनी आत बसू नये.’ समोर चहाची टपरी. टपरीपुढे तीन स्टुलं, आणि तिथेही पाटी: ‘स्टूल फक्त गिऱ्हाइकांसाठी.’

मामा स्टुलावर बसले. न मागता चहा आला.

"मामा, निदान साखर तरी कमी सांगा."

"सांगून काय होणार? सगळ्यांचा एकाच भांड्यात उकळतो. साखर आधीच पडलेली असते."

"पण एवढा आवडतो का हा चहा तुम्हाला?"

मामांनी पेल्यात पाहिलं. "हा? हा कोणाला आवडेल बाई? डांबर आहे नुसतं."

"मग पिता कशाला?"

"बसायला." मामा इतक्या साधेपणाने म्हणाले की बाईंना आधी कळलंच नाही. "पाय सरळ करून पाच मिनिटं बसायचं असतं. आत बसू देत नाहीत. गाडीत बसलो तर दर माणूस विचारतो, कधी सुटणार. चहा घेतला की इथे कोणी उठवत नाही."

त्या दिवशी बाईंनी सहाही फेऱ्या केल्या. सहा वेळा मामांनी पाच मिनिटांचं स्टूल घेतलं आणि सहा वेळा त्यासाठी चार चमचे साखर प्यायली. नुसतं मागे बसूनही संध्याकाळपर्यंत बाईंची कंबर धरली होती. पंधरा वर्षांत किती जणांना आपण ‘काय खाता’ ते विचारलं, असं त्या घरी जाताना आठवत होत्या. ‘कशासाठी खाता’, हे किती जणांना विचारलं, ते काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे अहवाल घेऊन गेल्या. साहेबांनी तो वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

"मामांच्या नावापुढे तुम्ही लिहिलंय: बाकडं, दिवसातून सहा वेळा."

"हो. शेवटच्या थांब्यावर."

"बाकडं हा आहार आहे का?"

"नाही. पण ते नसल्यामुळे जे पोटात जातंय, तो आहार आहे."

साहेब विचारात पडले. "आहारासाठी तरतूद आहे. बाकड्यासाठी फर्निचर विभागाला लिहावं लागेल."

लिहिलं. फर्निचर विभागाने कळवलं की शेवटचा थांबा डेपोच्या हद्दीबाहेर आहे, तेव्हा रस्ते विभागाला लिहावं. रस्ते विभागाने कळवलं की बाकडं हे फर्निचर आहे. दरम्यान आहाराची तरतूद वाया जाऊ नये म्हणून साहेबांनी तीनशे पोस्टर छापून घेतली. पोस्टरवर एक गाजर दात काढून हसत होतं. गाजराला दात कशाला, असं विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

शेवटी डेपोच्या मेकॅनिकनेच तोड काढली. भंगारात गेलेल्या बसची तीन माणसांची सीट त्याने उचलली, खाली लोखंडी पाय जोडले, आणि सुट्टीच्या दिवशी मामांनी आणि त्याने मिळून ती थांब्यावर झाडाखाली नेऊन रोवली. बाई सिमेंट कालवत होत्या. त्यांना ते अजिबात जमत नव्हतं.

साहेबांना ते कळलं. पण साहेब रागावले नाहीत. ते फीत घेऊन आले. फीत कापून त्यांनी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर वीस मिनिटं भाषण केलं. भाषण संपल्यावर साहेब आणि दोन अधिकारी बाकड्यावर बसले, आणि ड्रायव्हर समोर उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

पण साहेब रोज थोडेच येणार होते! आठवडाभरात मामांचे चहा सहाचे दोन झाले. बसल्या बसल्या ते मामींचा डबा उघडू लागले. पाच मिनिटांत बत्तीस वेळा चावणं जमत नसे, पण डबा रिकामा घरी जाऊ लागला. टपरीवाला मात्र बाईंच्या नावाने बोटं मोडत होता. पंधरा दिवस बोटं मोडून झाल्यावर त्याने टपरी सरकवत बाकड्याशेजारी आणली आणि बिनसाखरेच्या चहासाठी वेगळी किटली ठेवली. मामांचे चहा दोनाचे तीन झाले. बाईंनी वहीत ते पाहिलं आणि पान उलटलं.

उरलेल्या दहा जणांना त्यांनी एकेकटं गाठून विचारलं. सफरचंद लिहायची सक्ती गेली तेव्हा कुठे लोक खरं बोलायला लागले. दोघेजण तळलेले बटाटे खात, कारण त्यांच्या सुट्टीत कँटीनमध्ये दुसरं काही तयारच नसे. बाईंनी कँटीनवाल्याच्या मागे लागून त्या वेळेला उकडलेली अंडी ठेवायला लावली. एकजण घरची भांडणं टाळायला बाहेर जेवून जाई. त्यावर बाईंकडे औषध नव्हतं. आणि एकाला गोड मनापासून आवडायचं, बस. निदान तो वहीत खरं लिहू लागला, रोज, रसाळ वर्णनासकट.

तीन महिन्यांनी निकाल लागला. अकरापैकी पाच जणांची साखर खाली आली, चौघांची होती तिथेच राहिली, दोघांची चढली. साहेबांनी पाच जणांचा आलेख काढून मुख्य कार्यालयात पाठवला. उरलेले सहाजण कागदावर मावले नाहीत; ते छत्र्यांच्या खिडकीत मावले. मुख्य कार्यालयाने खूश होऊन सगळ्या डेपोंना तीन-तीनशे गाजरं छापायचा आदेश दिला.

मामा रेषेच्या जेमतेम खाली होते. निकालाचा कागद बाईंनीच त्यांच्या हातात दिला. मामांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"म्हणजे चालवायची?"

"चालवायची. पण सहा महिन्यांनी परत तपासणी आहे हं मामा."

मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बाजूला जाऊन घरी फोन लावला. पलीकडून मामी काय म्हणाल्या ते बाईंना ऐकू आलं नाही. मामा दोनदा ‘हो’ म्हणाले आणि एकदा, अगदी हळू, ‘अगं, रडतेस कशाला’ म्हणाले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहाची फेरी होती. फोन बंद करून ते लगबगीने गाडीकडे गेले.