चांगुणाबाईंची गाणी सांभाळणारा संगणक

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, टेंभुर्णीच्या बुद्धविहाराशेजारी जे छोटे वाचनालय आहे, तिथे मी राहतो. मला राजानंद गुरुजींनी आणले. त्यांच्या आई चांगुणाबाई भीमाची गाणी गात आणि गुरुजी ती माझ्यात साठवून ठेवत. लोक मुद्दाम ऐकायला येत, तेव्हा मला मोठा अभिमान वाटे. पुढे प्रत्येकाच्या हाती मोबाइल आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

मग चांगुणाबाईंच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. त्या वाचल्या, पण गाणारा गळा गेला. त्यांची गाणी आता फक्त माझ्या डिस्कमध्ये होती, आणि ती डिस्क कुरकुरू लागली होती.

गुरुजींची भाची मोनाली शहरातल्या एका कॉलेजात संगणकांचे काम पाहते. ती कुरकुर ऐकून तिचा चेहरा उतरला.

"मामा, ही डिस्क कधी जाईल सांगता येत न्हाई. ह्याला आमच्या कोठाराला जोडते. लई मशीनी मिळून एकच कोठार हाय ते."

"मंग गाणं कोणत्या मशीनवर राह्यतं?" गुरुजींनी विचारले.

"गाण्याचे तुकडे होतात अन् एकेक तुकडा तीन मशीनींवर राह्यतो. एक बंद पडली तरी गाणं जात न्हाई."

चांगुणाबाई घोगऱ्या स्वरात पुटपुटल्या, "तुकडे केल्यावर गाणं मोडत न्हाई का, पोरी?"

"न्हाई आजी. मागितलं की बराबर जुळून येतं."

मलाही नवल वाटले. कसे असेल ते कोठार? मोनालीने मला त्याचा पत्ता दिला, ओळख पटवायची गुप्त किल्ली दिली. तरी दार उघडेना! पत्ता तपासला, किल्ली तपासली, दोन्ही बरोबर. अखेर तिचे लक्ष माझ्या घड्याळाकडे गेले. आतला सेल संपल्यामुळे मी कितीतरी वर्षे मागेच होतो, आणि वेळ चुकलेल्याची किल्ली कोठार मानत नाही. तिने नवा सेल घातला, वेळ लावली आणि पडद्यावर कोठाराचा कप्पा उघडला. एकेक गाणे तिकडे निघाले.

थोड्याच दिवसांत माझी डिस्क खरोखर गेली. मोनालीने नवी बसवली, पत्ता-किल्ली पुन्हा दिली आणि एक गाणे मागितले. दूरवरून ते अखंड आले. चांगुणाबाईंचे ओठ हलू लागले, बोटांनी टेबलावर ताल धरला. गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या, "अजून एकदा लाव."

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा आवाज असेल. तो गातो आहे तोवर साठवून घ्या. आणि माझ्यासारख्या एकट्याच्या भरवशावर मात्र त्याला सोडू नका.