मोकळे कान

बरणीचं झाकण बोलण्याची तपासणी करणाऱ्या ताईंनी मुद्दामच घट्ट लावलं होतं. आत बिस्किटं. बरणी माझ्या ठमीसमोर ठेवून त्या मला म्हणाल्या, "तुम्ही कोपऱ्यात बसा. मदत करायची नाही. हवंय हे ती कसं सांगते, एवढंच बघायचंय. बोललंच पाहिजे असं नाही. बोट दाखवलं, बरणी माझ्या हातात दिली, अगदी रडली तरी चालेल."

ठमी साडेतीन वर्षांची. अजून 'आई' म्हणत नाही. सासूबाईंचं आपलं एकच, "हिचा बापही उशिराच बोलला, आता थांबतोय का?" मीही त्याच आशेवर दिवस ढकलले.

ठमीने झाकण एकदा फिरवून पाहिलं. निघेना. तिने बरणी हलकेच खाली ठेवली, हात मांडीवर घेतले आणि बसून राहिली. मग ताईंनी चावीचा बेडूक आणला. तीन उड्या मारून तो थांबला. ठमी नुसती बघत राहिली. अगं, माग ना बाई! रड, आपट, काहीतरी कर!

"घरी काही हवं असलं की काय करते?" ताईंनी विचारलं.

"काही मागतच नाही. फार गुणी आहे," मी म्हटलं.

गुणी मीच केलंय तिला. मी घरून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते, आठ-आठ तास. कानाला हेडफोन असला की घरात हूं की चूं नको. दीड वर्षाची होती तेव्हा यायची, ओढणी ओढायची, बोटाने काहीबाही दाखवायची. मी डोळे वटारून ओठांवर बोट ठेवायची. कितीदा तर मी मेलीने तिचा हात झिडकारला. महिनाभरात शिकली. वर मीच शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची पोर जिथे ठेवू तिथे बसते हो!"

"अजून एकदा बघू," ताई म्हणाल्या. बरणी पुन्हा पुढे आली. या वेळी ठमीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ताई आशेने पुढे झुकल्या.

पण ती माझ्या कानांकडे बघत होती. मी घाईघाईने दोन्ही हातांनी केस मागे घेतले. बघ गं सोन्या, काही नाही कानाला. माग काय हवं ते.

तिने नीट बघून घेतलं. मग बोट उचललं. ताईंनी श्वास रोखून धरला. ठमीने ते बोट स्वतःच्याच ओठांवर ठेवलं, आणि जराही आवाज न होऊ देता बरणी टेबलाखाली ठेवून दिली.

"हे काय सांगतेय ती?" ताईंनी मला विचारलं.