सात सोडून सगळं चुकलेला मीटर

मित्रांनो, मी एक जुना पीएच मीटर आहे. मुक्काम जपानमधलं अकिता, दगडफुलांची प्रयोगशाळा, खिडकीजवळचं टेबल. जीभ न लावता आंबटपणा सांगणं हा माझा धंदा. सात म्हणजे मध्यम. आकडा जितका खाली, तितकं आंबट.

तुम्ही दगडफूल मसाल्यात घालता, इथे ते बशीत वाढवतात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि हिरव्या शैवालाचा संसार. बुरशीला आंबट चालतं. शैवाल मात्र जरा जास्त आंबट झालं की मान टाकतं. म्हणून दोघांचं खाद्य मला विचारून सहावर आणायचं.

तरुणपणी मी अचूक होतो. मग द्रावणात बुडणारी माझी काचेची घुंडी थकली. रोज सकाळी मला सातच्या आणि चारच्या अशा दोन द्रावणांत बुडवून तपासायची रीत होती. पण प्रयोगशाळेचे गुरुजी, मिनागावा सेन्सेई म्हणाले, "वय झालंय त्याचं. कशाला दगदग? फक्त सातमध्ये बुडवत जा."

सातमध्ये मी सात दाखवायचो. "बघा, अजून ठणठणीत!" सगळे माना डोलवायचे. सेन्सेईंच्या लाडक्याला चारचं कोण विचारणार? बाकी आकडे मी अंदाजपंचे ठोकत होतो. साडेचार असले तरी म्हणायचो सहा.

भोगलं त्यांच्या विद्यार्थिनीने, सायोरीने. फेब्रुवारीत तिला प्रबंध द्यायचा होता आणि नोव्हेंबर उजाडला तरी तीसच्या तीस बशांत बुरशी गुबगुबीत, शैवाल पांढरंफटक.

"सेन्सेई, मीटर जरा..."

"त्याला काही बोलू नकोस. तुझं शैवालच लाडावलंय."

एका दुपारी सेन्सेईंनी सगळ्यांना आपल्या आईच्या हातची उमेबोशी वाटली. मिठात मुरवलेली आंबट फळं. सायोरीने डब्यातला रस पेल्यात ओतला आणि मला त्यात बुडवलं.

"पाच. काळ्या कॉफीइतका. सेन्सेई, आईंची उमेबोशी फिकी आहे."

सहायक इनाबा घास गिळायचा विसरला.

"फिकी? अगं, साठ वर्षं घालतेय ती! एक खाल्ली की वडिलांना दोन मिनिटं डोळे उघडता यायचे नाहीत!" सेन्सेईंनी एक तोंडात टाकली. डोळे गच्च मिटले. कानही हलले.

"मग खोटं कोण बोलतंय, सेन्सेई? आई की मीटर?"

मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी बोट दाखवलं. नेमकं माझ्याकडे.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. रोज सकाळी शाबासकी घ्यायची आणि दिवसभर शैवाल मारायचं, हे जगणं सोपं नव्हतं.

मला नवी घुंडी बसली. दोन्ही द्रावणं परत आली. खाद्य खरोखरच सहावर आलं आणि जानेवारीत पहिली बशी हिरवी झाली. सेन्सेई त्या बशीसमोर कमरेत वाकले. "तुला लाडावलेलं म्हणालो. चुकलं माझं." शैवाल काही बोललं नाही, त्याला वाढायचं होतं. सायोरी तर तोवर लिहायलाही बसली होती.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची घुंडी कोरडी पडू देऊ नका. त्यांचा मान ठेवा. आणि एका प्रश्नाचं उत्तर कुणी फारच झकास देत असेल, तर त्याला लगेच दुसरा विचारा.